पाहुण्याच्या हातात माईक



पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. "तुलसी नगरच्या आठवणी लिहा हो" असं कोणी ना कोणी मला म्हणतच असतं. आज लिहितोय ती आठवण फार जुनी नाही, गेल्याच गणपतीतली आहे. तिच्यात एक माफी आहे आणि एक मत आहे. मत सगळ्यांना पटेलच असं नाही. न पटल्यास सांगा, पण आधी पूर्ण वाचा.

सुरुवात प्रश्नमंजुषेपासून करतो.

आपल्या गणपतीत प्रश्नमंजुषा गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. सूत्रसंचालनही माझ्याकडेच. एकोणीस वर्षं माईक माझ्या हातात आहे, आणि तो दुसऱ्या कोणाच्या हातात जावा असं मला कधी वाटलं नाही, हे आधीच कबूल करतो. प्रश्नमंजुषेत मी संतसाहित्य, नाट्यसंगीत, पेशवाई असे विषय घ्यायचो. तेच चार काका उत्तरं द्यायचे, बाकीची मंडळी मोबाईलमध्ये डोकं घालून बसायची आणि पोरं मागच्या मागे पाणीपुरी खायला पळायची.

म्हणून २०२५ ला ठरवलं, या वेळी टीव्ही. त्यातही विनोदी कार्यक्रम, आणि सगळ्या प्रश्नांना धागा एकच: खुर्ची कोणाची आणि बसलं कोण? म्हणजे नेहमीचा सूत्रसंचालक नसताना कार्यक्रम कोणी सांभाळला, पाहुणा म्हणून येऊन यजमान कोण झालं.

विषय सुचायला कारण होतं. 'चला हवा येऊ द्या' जुलैत नव्याने सुरू झालं होतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम २०२४ ला थांबला, तोपर्यंत आमच्या घरी सोमवारी-मंगळवारी साडेनऊनंतर कोणी फोन केलेला आईला चालायचा नाही. आई आता अठ्ठ्याऐंशीची आहे. थुकरटवाडी तिला कोलार रोडपेक्षा जास्त माहीत आहे. भाऊ कदमची शांताबाई आली की हसून हसून तिला ठसका लागायचा. आणि सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगतापांनी लिहिलेलं पत्र वाचायला लागला, की तीच आई पदर डोळ्यांना लावायची. नव्या पर्वात नीलेश साबळेच्या जागी अभिजीत खांडकेकर दिसला, तेव्हा आई म्हणाली, "हा कोण? डॉक्टर कुठं गेला?" साबळे खरेच डॉक्टर आहेत हे तिला पाठ आहे. मी सांगितलं, साबळे आणि भाऊ २०२४ ला दुसऱ्या वाहिनीवर 'हसताय ना? हसायलाच पाहिजे!' घेऊन गेले होते. ती म्हणाली, "गेले असतील. पण घर त्यांचं होतं ना?"

ते वाक्य डोक्यात राहिलं आणि त्यावरून प्रश्न काढत गेलो. नमुना देतो.

'होम मिनिस्टर' २००४ पासून आदेश बांदेकरांचं. भावोजी म्हटलं की तेच. पण मधल्या काळात पैठणीचा हा खेळ आणखी दोघांनी खेळवला, ते कोण? उत्तर: जितेंद्र जोशी आणि आपले नीलेश साबळे. (हा विनोदी कार्यक्रम नाही, असा आक्षेप एका काकांनी घेतला. काकू म्हणाल्या, "नवऱ्यांचे चेहरे बघा, मग सांगा.")

'कौन बनेगा करोडपती'मध्ये अमिताभच्या जागी २००७ ला कोण बसलं होतं? उत्तर: शाहरुख खान.

२०१५ ला कपिल शर्माची पाठ धरली, तेव्हा 'कॉमेडी नाइट्स'चं घर कोणी सांभाळलं? उत्तर: अर्शद वारसी.

मग एक परदेशी फेरी ठेवली होती. अमेरिकेत 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' नावाचा कार्यक्रम आहे. ११ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाला, अजून चालू आहे. म्हणजे पन्नाशी उलटली. आपल्या स्किटसारखीच छोटी छोटी प्रहसनं, तीही थेट प्रक्षेपणात. गंमत अशी की त्याला कायमचा सूत्रसंचालक नाही. दर भागाला पाहुणा येतो, तोच त्या रात्रीचा यजमान. सुरुवातीला दोन शब्द बोलतो, मग नेहमीच्या नटांबरोबर प्रहसनांत घुसतो, वेडीवाकडी सोंगं घेतो, स्वतःची टिंगलही करून घेतो. पहिला यजमान जॉर्ज कार्लिन. सगळ्यात जास्त वेळा अ‍ॅलेक बाल्डविन, सतरा वेळा. सगळ्यात लहान ड्र्यू बॅरीमोर, १९८२ ला, वय वर्षं सात. सगळ्यात मोठी बेटी व्हाइट, २०१० ला, वय अठ्ठ्याऐंशी, आणि तिला बोलवा म्हणून लोकांनी फेसबुकवर मोहीम चालवली होती. भारतीय वंशाचा पहिला यजमान अझीझ अन्सारी, जानेवारी २०१७.

आणि शेवटचा प्रश्न, जो मला स्वतःला सगळ्यात आवडतो. १९७७ ला त्या मंडळींनी जाहीर केलं की यजमान कोणीही होऊ शकतो, अर्ज पाठवा. स्पर्धा झाली आणि निवडून कोण आलं? न्यू ऑर्लिन्सच्या मिस्केल स्पिलमन नावाच्या ऐंशी वर्षांच्या आजी. नटी नाही, गायिका नाही, पुढारी नाही. १७ डिसेंबर १९७७ च्या रात्री आख्ख्या अमेरिकेसमोर त्या उभ्या राहिल्या.

हे ऐकून पहिल्या रांगेतून आई म्हणाली, "म्हणजे मलाही बोलावतील काय रे?" सगळा मांडव हसला. मग तीच म्हणाली, "नको. त्या वेळेला माझी मालिका असते."

आता मुद्द्याचं. त्या संध्याकाळी पंधरापैकी अकरा प्रश्नांची उत्तरं एकाच व्यक्तीने दिली. आपल्याच एका घरची सून, माहेर सागरचं. लग्नाला सहा-सात वर्षं झाली असतील. मराठी ती इथे येऊन शिकली, सासूबाईंबरोबर रोज रात्री मराठी कार्यक्रम बघून. 'हास्यजत्रे'तली कुठली ओळ कोणाची, हे तिला आपल्या पोरांपेक्षा जास्त माहीत. शेवटी बक्षीस घ्यायला आली तेव्हा मीच कौतुकाने म्हणालो, "उद्या मुलांचा कार्यक्रम तूच सांभाळ, माझा घसाही बसलाय." तिचा चेहरा असा उजळला!

दुसऱ्या दिवशी ती नऊवारी नेसून, कागदावर सगळं लिहून आली. तासभर फार छान केलं. पोरं तिच्यावर खूष, कारण ती त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलत होती, अर्धं मराठी अर्धं हिंदी. मग एका नाचाआधी ती म्हणाली, "आता आपल्यासमोर येत आहेत आपले छोटे छोटे मुले!"

आणि मी, बसलेल्या घशाने, दुसरा माईक उचलून म्हणालो, "आपली छोटी छोटी मुलं!"

मांडवात हशा पिकला. मला वाटलं, वा, विनोद जमला. तिने "सॉरी" म्हटलं, उरलेले दोन कार्यक्रम कागदावर बघून एका सुरात वाचून काढले आणि माईक ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी आरतीला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

आईने मला घरी धरलं. आमची आई मूळची नागपूरची, चिडली की भाषा नागपूरला जाते. म्हणाली, "काय करून राहिला होता तू तिथं? पोरगी नीट बोलून राहिली होती. तुझ्या बापाला इथं कोण हसलं होतं काय?"

ही शेवटची गोष्ट समजायला थोडं मागे जावं लागेल. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश झालं आणि राजधानी भोपाळ ठरली. त्याआधीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि नागपूरच्या सचिवालयातले कितीतरी बाबू फायलींबरोबर भोपाळला आले. ग्वाल्हेर आणि इंदूरकडूनही मराठी माणसं आली. बाबा त्यांतलेच. इथे आले तेव्हा त्यांना हिंदी फक्त कागदावरची यायची. "मेरा पानी सांड गया" असलं काहीतरी बोलायचे. कचेरीतले लोक समजून घ्यायचे, कोणी माईकवर दुरुस्त केलं नाही.

आमचं लहानपण आणि पुढे माझी स्वतःची नोकरी, सगळं तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरांत गेलं, जयप्रकाश रुग्णालयाच्या बाजूला, ज्याला लोक अजून बाराशे पन्नासच म्हणतात. अंगणात जांभूळ, मागे धुण्याचा दगड, पुढच्या खोलीत गणपती. पण घर सरकारचं. निवृत्त झाला की किल्ली परत. चाळीस वर्षं राहा, भिंतीला स्वतःच्या पैशाने रंग द्या, तरी तुम्ही तिथे पाहुणेच. मी किल्ली दिली त्या दिवशी आईने देवघराच्या कोनाड्याला हळदीकुंकू लावलं आणि मागे न बघता रिक्षात बसली. आज आम्ही कोलार रोडला फ्लॅटमध्ये राहतो, गणपतीला मात्र इथेच येतो. म्हणजे आता पाहुण्यांच्या घरचे पाहुणे!

आणि महाराष्ट्रात गेलो तरी काय? मे महिन्यात दादरला मामाकडे जायचो. मुंबई दूरदर्शन १९७२ ला सुरू झालं होतं, मामाकडे टीव्ही आला होता. विनायक चासकरांचा 'गजरा' लागायचा, छोट्या छोट्या प्रहसनांचा. सगळी चाळ त्या एका खोलीत. मीही हसायचो, पण अर्धा सेकंद उशिरा, कारण काही शब्द कळायला वेळ लागायचा. मामेभाऊ ओळखायचे. "भोपाळची ट्यूबलाइट" म्हणायचे.

त्याहून जास्त लागलेली गोष्ट नंतरची. पुण्याला एका लग्नात मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी हौसेने उभा राहिलो आणि म्हणालो, "बरसातीच्या दिवसांत आपण सगळे आलात, मला फार खुशी झाली." मागून एक बाई म्हणाल्या, "अहो, पाऊस म्हणा, आनंद म्हणा!" हशा. मी पुढचं काय बोललो ते मला आजही आठवत नाही, इतका घाम फुटला होता. घरी आल्यावर जिद्दीने शुद्ध मराठी कमावली. पुस्तकं वाचली, नाटकांच्या कॅसेटी ऐकल्या. त्या जिद्दीतूनच सूत्रसंचालक झालो. आणि एकोणीस वर्षांनी त्या पुण्याच्या बाईंच्या जागी मीच जाऊन बसलो होतो. बसलेला घसा कामाला लावून.

चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. तिच्या सासूबाईंनी पोहे केले, ती चहा घेऊन आली. मी म्हणालो, "माझं चुकलं." ती म्हणाली, "काका, चूक सांगितली त्याचं काही नाही. घरी आई रोजच सांगतात. पण तुम्ही माईकवर सांगितलंत."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोहे मात्र खाल्ले.

आता माझं मत.

पाहुण्याला मान द्यावा तर मराठी माणसाने. 'चला हवा येऊ द्या'च्या सोफ्यावर शाहरुख खान आला, सलमान खान आला, कोण कोण आलं. हिंदीतला एखादा मोठा नट तिथे येऊन दोन वाक्यं मराठीत बोलला, की आपण टाळ्यांचा कडकडाट करतो. "बघा, किती गोड बोलला!" त्याचं लिंग चुकतं, वचन चुकतं, सगळं चुकतं, आणि ते चुकणंच आपल्याला गोड लागतं. आणि आपल्याच घरात येऊन, आपले सण करून, तासभर मराठीत दोनशे वाक्यं बोललेल्या मुलीचं दोनशे एकावं वाक्य चुकलं, की आपण दुसरा माईक शोधतो. त्या नटाला दुसऱ्या दिवशी मराठी लागत नाही. या मुलीला लागते, तिच्या पोराला लागणार आहे. मग टाळ्यांची गरज जास्त कोणाला?

मला वाटतं फरक इथे आहे: आपण पाहुण्याला पाटावर बसवतो, वाढतो, आग्रह करतो, पण स्वयंपाकघरात येऊ देत नाही. स्वयंपाकघर म्हणजे माईक. त्या अमेरिकन कार्यक्रमात उलटं आहे. पाहुण्याने येऊन नुसतं बसायचं नाही, त्या रात्रीचं घर त्यानेच चालवायचं. चुकला तर थेट प्रक्षेपणात चुकेल, आणि घरचे नट सांभाळून घेतील. त्यांचं कामच ते आहे. पन्नास वर्षं तो कार्यक्रम चालला त्याला इतरही कारणं असतील, पण दर वेळी नवा माणूस दार उघडतो, हे मला मोठं कारण वाटतं. आपल्या गणपतीत एकोणीस वर्षं दार मीच उघडत होतो, आणि मागच्या खुर्च्या दर वर्षी कमी होत होत्या. मी दोष मोबाईलला देत होतो.

यावर एक जुने, माझ्याहून मोठे सभासद मला म्हणाले, "अरे, अशाने भाषा बिघडेल. हा एवढाच एक मांडव उरलाय जिथे शुद्ध मराठी कानावर पडते." त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. ते खरं आहे. बाहेर दिवसभर हिंदी, पोरांच्या शाळेत इंग्रजी, आणि इथेही "छोटे मुले" चालवून घेतलं तर उरलं काय? मलाही ती भीती वाटते. माझा नातू "आजोबा, मी गिरलो" म्हणतो तेव्हा पोटात कालवतं.

पण मंडळी, भाषा बिघडते ती चुकीचं बोलल्याने, की बोलायचं थांबल्याने? ती मुलगी तीन दिवस मांडवात आली नाही. त्या तीन दिवसांत तिने एकही चूक केली नाही, हे खरं. असं शुद्ध मराठी हवंय का आपल्याला? पुण्याच्या त्या लग्नात मी जिद्दीला पेटलो, पण माझ्याबरोबर आलेला माझा धाकटा भाऊ गप्प झाला. आज त्याच्या घरी सगळे हिंदीत बोलतात. हसणाऱ्या लोकांना माझ्यासारखा एक पेटलेला दिसतो, गप्प झालेले दिसत नाहीत.

म्हणून यंदासाठी मी समितीपुढे तीन गोष्टी ठेवल्या आहेत. पहिली, दहा दिवस दहा सूत्रसंचालक. कोणीही एका दिवसापेक्षा जास्त नाही, मी तर यंदा एकही नाही. दुसरी, त्यातले निदान चार असे, ज्यांनी आधी कधी माईक धरलेला नाही: सुना, जावई, बारावीतली पोरं, आणि बंगाली असूनही दर वर्षी आपली आरती पाठ म्हणणारे ते शेजारी. तिसरी, चूक सांगायचीच असेल तर कार्यक्रमानंतर, चहा पिताना, एकट्याला. माईकवर नाही.

पहिल्या दोन गोष्टी मान्य झाल्या. तिसरीवर दोघांनी "हे काय लिहून ठेवायचं असतं का" म्हटलं. मी म्हणालो, असतं. माझ्यासारख्यांसाठी असतं.

सागरच्या सूनबाईंना मी स्वतः जाऊन विचारलं. अजून हो म्हणालेली नाही. "बघते काका" म्हणाली. तिची सासू म्हणते, ती मुलाला झोपवताना हळूच सूत्रसंचालनाची नक्कल करते, प्राजक्ता माळीसारखी. म्हणजे आशा आहे. ती हो म्हणाली तर मी पहिल्या रांगेत आईशेजारी बसेन, आणि माझ्या हातात काही असलंच तर प्रसादाची वाटी असेल.

आई यावर म्हणाली, "वाटी माझ्याजवळ दे. तुझा भरवसा नाही."

तुमच्या मंडळात, सोसायटीत माईक किती वर्षं एकाच हातात आहे? आणि तुमच्यापैकी कोणाला असं भर सभेत दुरुस्त केलं गेलं असेल, तर तेही लिहा. पुण्याच्या त्या बाई ही पोस्ट वाचत असतील तर त्यांना सांगतो, पाऊस छान पडतोय इकडे. आणि मला अजूनही त्याला बरसात म्हणावंसं वाटतं.

गणपती बाप्पा मोरया.